रिकामी पाकिटं, पुड्या, दोऱ्या आणि घरातलं कुत्रं: तुम्ही काय काळजी घेता?

पाणवठा (धागाकर्ती), शनिवार, रात्री ११.४०

गुरुवारी जे झालं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

आमच्याकडे भुरी आहे. देशी, साडेतीन वर्षांची, सतरा किलोची. गुरुवारी संध्याकाळी भाचरं आली होती. वेफर्सचं मोठं पाकीट फोडलं, संपवलं आणि रिकामं पाकीट सोफ्याच्या मागे पडलं. मी आत कणीक मळत होते. बाहेरून चुरचुर ऐकू आली, मग धप्प झालं, मग फरशीवर नखं घासल्याचा आवाज. मला वाटलं पोरं दंगा करतायत. पोरं तर मघाशीच खाली खेळायला गेली होती.

आवाज एकदम थांबला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. बाहेर आले तर भुरी सोफा आणि भिंतीच्या फटीत आडवी पडलेली, तोंड कानापर्यंत पाकिटात. पाकीट इतकं घट्ट चिकटलेलं की बाहेरून तिच्या नाकपुड्यांचा आकार दिसत होता. कणकेचा हात, ओढलं तर निसटला. दुसऱ्यांदा ओढणीत धरून फाडलं. जीभ जांभळी पडली होती. काही क्षण ती तशीच पडून राहिली आणि मग घशातून घरघर करत एक मोठा श्वास घेतला. माझ्या बोटांची कणीक तिच्या कपाळावर रात्रीपर्यंत वाळून बसली होती, पुसायचं सुचलंच नाही.

डॉक्टरांनी तपासलं, आता ठीक आहे. पण मी ठीक नाहीये. घरात पाकिटं येणं काही थांबणार नाही. तुम्ही कचऱ्याचा डबा कुठे ठेवता? पार्सल कुठे उघडता? कोणत्या वस्तूंना खरंच घाबरायचं आणि कुठे आपण उगाच धास्ती घेतो? स्वतःचे अनुभव सांगा.

---

मृदुला_के

बापरे. वाचतानाच अंगावर काटा आला. भुरीच्या पाठीवरून माझ्याकडून हात फिरवा.

आमच्याकडे डबा ओट्याखाली आणि ओट्याच्या कपाटाला लहान मुलांसाठी मिळते ती कडी. मुलगी चार वर्षांची होती तेव्हा लावली होती. आता ती अकरावीत आहे, कडी कुत्र्यासाठी तशीच ठेवलीय.

---

उंडगा

आमचा बाळू लॅब्रॅडॉर. लॅब म्हटल्यावर बाकी सांगायला नकोच. आजवर पोटात गेलेल्या गोष्टी: अर्धा मोजा, खोडरबर, दुधाच्या पिशवीचे कोपरे (किती ते मोजलेलं नाही) आणि बायकोच्या मंगळागौरीचं आमंत्रण. सगळं दुसऱ्या दिवशी बाहेर आलं. आमंत्रण वाचता येत होतं.

---

खडूस_काका

राग मानू नका, पण मला हे सगळं जरा जास्तच वाटतं. आमच्या वाड्यात मोती होता, चौदा वर्षं जगला. भाकरी, ताक, उरलंसुरलं खायचा. उकिरड्यावर तोंड घालायचा. त्याच्यासाठी कुणी कपाटाला कड्या लावल्या नाहीत.

---

पाणवठा

काका, राग कशाला मानेन? पण मोतीच्या उकिरड्यावर काय असायचं ते आठवून सांगा. केळीची पानं, द्रोण, राख, शेण, फार तर वर्तमानपत्राची पुडी आणि सुतळी. आज आमच्या एका दिवसाच्या कचऱ्यात सात प्रकारचं प्लास्टिक निघतं.

---

खडूस_काका

हे मात्र खरं. तेव्हा फरसाण कागदात यायचं. कागद मोतीने खाल्ला तरी पचवायचा.

---

गोठा_ते_गच्ची

मी पशुवैद्य आहे. निम्मं आयुष्य गाईम्हशींत गेलं, आता बरीचशी कुत्री-मांजरं बघतो. पाणवठाताई, तुम्ही फाडायला वेळ घालवला नाहीत म्हणून भुरी वाचली.

वेफर्सच्या पाकिटाचं असं असतं की तळाशी मीठ आणि तेल राहतं, ते चाटायला कुत्रं तोंड आत आत घालत जातं. पाकीट हवाबंद राहावं म्हणूनच बनवलेलं, त्यामुळे त्यातून हवा येत नाही. कुत्र्याने श्वास आत ओढला की ते नाकातोंडाला चिकटतं, घाबरून जोरात ओढला की आणखी चिकटतं. पंजाने ते काढता येत नाही. हा खेळ काही मिनिटांचाच असतो आणि आवाज फारसा होत नाही. घरात माणसं असतानाही हे होतं.

यावरचा उपाय सोपा आहे. पाकीट रिकामं झालं की तळ कापून टाका आणि एक बाजू उभी चिरा. म्हणजे त्याची पिशवी राहत नाही, सपाट कागद होतो. डब्यात टाकायच्या आधी दहा सेकंदांचं काम. कुत्र्याच्या खाण्याची पाकिटं आणि बिस्किटांचे मोठे पुडेही यातच धरा. त्यांचा वास तर त्याच्यासाठीच केलेला असतो.

आणि असं काही झालंच, पाकीट काढल्यावर कुत्रं शुद्धीवर नसेल, श्वास घेत नसेल, तर तोंड उघडून आत काही अडकलंय का बघा, जीभ पुढे ओढा, तोंड मिटून धरा आणि नाकातून फुंकर घाला, छाती वर येताना दिसली पाहिजे. तरीही हालचाल नसेल तर छातीवर दाब द्यायचा, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. तीस दाब, दोन श्वास. गाडी दुसऱ्याने चालवावी, हे वाटेतही चालू ठेवावं.

---

मृदुला_के

डॉक्टर, हा प्रतिसाद कागदावर उतरवून फ्रिजला लावलाय.

---

सातारी_कंदी

पाकिटांचं सगळ्यांना कळतं, दोरीचं कळत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत पेढ्यांचे पुडे आले होते. खोक्याला बांधतात ती बारीक लाल-पिवळी दोरी. आमची चिंगी, डॅशहुंड, आठ किलो. पहिल्या दिवशी दोनदा उलटी. आम्ही म्हटलं पित्त. दुसऱ्या दिवशी पाणीही टिकेना. पुढचे पाय जमिनीवर टेकवून मागचं अंग वर करून बसायची, नमस्कार घातल्यासारखं. आई म्हणाली, बघ, बाप्पाला नमस्कार करतेय. त्या वेळी आम्ही सगळे हसलो. ती पोटदुखीने तशी बसते हे नंतर कळलं.

जवळच्या एका दवाखान्यात क्ष-किरण काढला, काही दिसलं नाही, पित्ताची सुई देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी दुसरीकडे नेलं. तिथल्या बाईंनी सोनोग्राफी केली आणि त्याच संध्याकाळी पोट उघडलं. दोरीचं एक टोक जठराच्या तोंडाशी अडकलेलं, बाकीची आतड्यात पुढे गेलेली. नाडी ओढल्यावर परकर जसा चुण्या पडून गोळा होतो, तसं आतडं दोरीवर गोळा झालं होतं. बाईंनी मला मोबाइलवर फोटो दाखवला. एका ठिकाणी दोरी आतड्याच्या भिंतीत रुतली होती, आरपार जायची बाकी होती. तेवढा तुकडा कापून जोडावा लागला.

चिंगी वाचली, आता उत्तम आहे. दोरी काढून बाईंनी बाटलीत घालून दिली. मोजली, एक हात सव्वा वीत.

---

उंडगा

सातारीराव, वाचून बाळूच्या सगळ्या करामती वेगळ्याच दिसायला लागल्या. मघाचा माझा प्रतिसाद जरा हलक्यात घेतल्यासारखा झाला.

---

गोठा_ते_गच्ची

सातारी_कंदी यांनी जे लिहिलंय ते प्रत्येक कुत्रेवाल्याने वाचावं. दोन गोष्टी जोडतो.

प्लास्टिक, दोरा, कापड साध्या क्ष-किरणात बहुतेक वेळा दिसत नाही. धातू आणि हाड दिसतं. म्हणजे 'एक्स-रे नॉर्मल' म्हटलं की पोट मोकळं आहे असा अर्थ होत नाही. उलट्या थांबत नसतील तर सोनोग्राफीचा आग्रह धरा.

दुसरं, तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका. आत दुसरं टोक अडकलेलं असेल तर तो दोरा आतडं कापत बाहेर येतो. लोंबणारं फार लांब असेल तर थोडं बाहेर ठेवून कापा आणि दवाखाना गाठा. राखी, मांजा, उदबत्तीच्या पुड्याचा दोरा, मटणाच्या पिशवीला मारलेली गाठ, सगळ्याला हेच लागू.

---

वऱ्हाडी_ठेचा

मटणाच्या पिशवीचं बरं काढलं. आमच्या इकडे रविवारी प्रत्येकाच्या हातात ती काळी पिशवी. आमचा शेरू एकदा अंगणात निवांत बसून काहीतरी चाटून राहिला होता. बघतो तर पिशवीच नाही, नुसती गाठ उरलेली. सकाळी अर्धी उलटीत निघाली, अर्धी तीन दिवसांनी मागून. तेव्हापासून मी दुकानात स्टीलचा डबा घेऊन जातो. दुकानदार पहिल्यांदा हसला, आता डबा बघितला की दोन तुकडे जास्त टाकतो.

---

नियम_पालक

अवांतर: महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड. तरी काळी पिशवी मिळतेच. आणि कारखान्यातूनच माल भरून येणाऱ्या वेष्टनांना त्यात सूट, म्हणजे वेफर्सचं पाकीट त्या बंदीत येतच नाही. भुरीच्या नशिबी जे आलं त्याला कुठल्याच कायद्याने अडवलं नसतं.

---

खारीबटर, रविवार, रात्री ९.१२

माफ करा, मधेच घुसतेय. कुणी आहे का? आमच्या पिल्लाने, चार किलोचं आहे, खजुराच्या पाकिटातली छोटी पुडी फोडलीय. ती शूबरोबर येते तीच ना? सगळे म्हणतात त्याने काही होत नाही. पण यातून मणी नाही, काळी पूड निघालीय. त्याच्या मिशांना लागलीय.

---

हडसनकाठ (न्यू जर्सी)

ताई, थांबा. मणी असतात ती सिलिका जेल. पूड असेल तर ते बहुतेक ऑक्सिजन शोषणारं पाकीट आहे, त्यात लोखंडाची भुकटी असते. सांडलेल्या पुडीजवळ फ्रिजचं चुंबक न्या. उडून चिकटली तर लोखंडच. आमच्याकडे सुक्या मांसाच्या पाकिटात हे असतं, माझ्या कुत्रीने खाल्लं तेव्हा इथल्या प्राणी-विषबाधा केंद्राने फोनवर हीच युक्ती सांगितली होती.

---

गोठा_ते_गच्ची

खारीबटर, हडसनकाठ बरोबर सांगतायत. चुंबकाला चिकटली तर आत्ता निघा, सकाळची वाट बघू नका. किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर लोह पोटात गेलं तर ते गंभीर असतं, चार किलोच्या पिल्लाला एवढं व्हायला अगदी थोडी पूड पुरते. उरलेली पुडी आणि पाकीट बरोबर घ्या. घरी मिठाचं पाणी पाजू नका, ताक-दूधही नको.

आणि एक लक्षात ठेवा. लोखंडात सुरुवातीला उलट्या होतात, मग कुत्रं बरं झाल्यासारखं वाटतं आणि त्यानंतर यकृतावर येतं. मधल्या वेळेत फसू नका.

---

खारीबटर

चिकटली. निघालो.

---

कोकण_पेडणेकर

मिठाचं पाणी का नको? आमच्याकडे आजोबा कुत्र्याने काही वावगं खाल्लं की मिठाचं पाणीच पाजायचे. ओकून मोकळं व्हायचं.

---

गोठा_ते_गच्ची

बरीच कुत्री ओकत नाहीत, मग ते सगळं मीठ रक्तात जातं. सोडियम एकदम वाढलं की झटके येतात. मूळ खाल्लेल्या वस्तूने काही झालं नसतं, पण मिठाने गेलं, अशी कुत्री मी पाहिलीत. आजोबांनी चांगल्या मनानेच केलं असणार.

ओकवायचं की नाही हे वस्तूवर ठरतं. टोकदार काही असेल, बॅटरी असेल, फिनेल-ॲसिड असेल तर ओकवणं म्हणजे येताना पुन्हा तीच इजा. भात-केळं भरवून 'पुढे ढकलायचा' उपायही विचारल्याशिवाय नको. दुर्बीण घालून काढता येण्यासारखी वस्तू असेल तर भरल्या पोटाची अडचण होते.

---

कोकण_पेडणेकर

पटलं. आमच्याकडे मे महिन्यात वेगळाच ताप, आंब्याची कोय. पॅकिंग नव्हे म्हणता येणार नाही, आंब्याचं ते आतलं पॅकिंगच की! दरवर्षी गावात एखादं कुत्रं कोय अडकून आजारी पडतं. आम्ही कोयी टोपलीत न टाकता थेट माडाच्या मुळाशी खड्ड्यात पुरतो.

---

अ_क्षर

सिलिका जेलचं मग काय? घरात शूच्या खोक्यांतून ढीगभर येतात. मी आजवर प्रत्येक पुडीला विष समजून धावत होते.

---

गोठा_ते_गच्ची

पांढरे पारदर्शक मणी असतील तर विषारी नाहीत. लहान कुत्र्याने अख्खी पुडी गिळली तर अडकू शकते एवढंच. निळे मणी असतील तर त्यात कोबाल्ट क्लोराइड असू शकतं, ते मात्र विषारी.

घाबरायचंच असेल तर बॅटरीला घाबरा. रिमोटची, वजनकाट्याची, वाढदिवसाच्या गाण्याच्या कार्डाची चपटी गोल बॅटरी. अन्ननलिकेत अडकली की ओल्या पेशींतून वीज वाहते आणि तिथे भाजतं, अर्ध्या तासातही इजा सुरू होते. गोळ्यांची पत्री पाकिटंही तशीच. कडा घसा चिरतात आणि आतली ब्रुफेन किंवा क्रोसिन कुत्र्याला सोसत नाही. बिनसाखरेचं च्युइंगम पर्समध्ये असतं, त्यात झायलिटॉल असेल तर रक्तातली साखर धाडकन खाली येते. घरातले आजी-आजोबा उशाशी गोळ्या ठेवतात ती जागा आधी बघा.

उंदीर मारायच्या वडीचं वेष्टन कधीही फेकू नका. ब्रोमॅडिओलोन असेल तर लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात, तोवर माणूस विसरलेला असतो. त्यावर के-१ जीवनसत्त्व हा उतारा आहे, पण वडी कुठली हे कळायला वेष्टन हातात लागतं.

---

मृदुला_के

आणि बाळाचं वापरलेलं डायपर! आतला जेल पाणी शोषून फुगतो. नणंदेच्या बीगलने ओढून फाडलं होतं. त्यामुळे ती पिशवी बाल्कनीत टांगून ठेवतात आता.

---

शिस्तीत_रहा

कुणी प्रशिक्षणाबद्दल बोलतच नाहीये. डबे लपवून किती लपवणार? कुत्र्याला 'सोड' शिकवा. त्याच्या तोंडात काही दिसलं की आपण ओरडत मागे धावतो, मग त्याला वाटतं हे कुणीतरी हिसकावणार, आणि ते गिळून टाकतं. धावू नका. उकडलेल्या चिकनचा तुकडा पुढे धरा, सौदा करा. रोज दोन वेळा साध्या वस्तूंवर सराव. महिन्याभरात तोंडातलं हाडसुद्धा सोडतं.

---

उंडगा

बाळूने हे शिकून घेतलं आणि आता चिकन हवं असलं की स्वतःच मोजा आणून समोर उभा राहतो.

---

चाफेकळी_७

आम्ही एकटं सोडताना मुसकं घालतो. कुणी काही म्हणो.

---

शिस्तीत_रहा

एकटं असताना मुसकं घालून सोडायला माझा ठाम विरोध आहे. उलटी झाली तर? पट्टा कशात अडकला तर? त्यापेक्षा एक खोली मोकळी करा.

---

गोठा_ते_गच्ची

मीही त्यांच्या बाजूने. मुसकं फक्त डोळ्यांसमोर आणि जाळीचं, ज्यातून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं.

---

वऱ्हाडी_ठेचा

रस्त्यावरच्या कुत्र्यांचंही कुणीतरी बोला. बरणीत तोंड अडकलेलं कुत्रं दर पावसाळ्यात एक तरी दिसते.

---

डोंगरवाट

फक्त कुत्रीच कशाला, फेब्रुवारी २०२२ मध्ये बदलापूरजवळ बिबट्याच्या पिल्लाचं डोकं पाण्याच्या प्लास्टिकच्या जारमध्ये अडकलं होतं. दोन दिवस ते तसंच फिरत होतं, मग पकडून सोडवलं.

आम्ही तीन-चार कुत्री सोडवलीत. आधी चादर टाकून अंग धरायचं, मग बरणीच्या तळाला भोक पाडायचं म्हणजे श्वास मोकळा होतो, मग मानेच्या कडेने गोडं तेल. नाहीच निघाली तर पत्र्याची कात्री. बरणी फेकताना झाकण लावूनच फेकायची, हे मी आता शेजारपाजारच्या सगळ्यांना सांगतो.

---

खारीबटर, सोमवार, दुपारी ४.०५

पिल्लू घरी आलं. तिथे ओकवलं, क्ष-किरणात पोटात भुकटीचे ठिपके पांढरे चमकत होते. रात्रभर सलाइनवर ठेवलं, आज रक्त तपासलं, यकृत ठीक आहे, परवा पुन्हा तपासायचं. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासात आणलंत म्हणून. हडसनकाठ, चुंबकाचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी 'सिलिका आहे, काही होत नाही' म्हणून झोपले असते. त्याचं नाव अजून ठेवलं नव्हतं. आता लोखंड्या ठेवलंय.

---

हडसनकाठ (न्यू जर्सी)

इथे पहाटेपासून हा धागा उघडूनच बसले होते. लोखंड्याला खूप खूप प्रेम.

---

खडूस_काका

लोखंड्या! झकास नाव. आज नातवाच्या खेळण्यातली बॅटरी तपासली, झाकणाचा स्क्रू गायब होता. चिकटपट्टी लावली आहे, उद्या स्क्रू आणतो. घरात कुत्रं नाही, पण नातू आहे.

---

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही घरभर गुडघ्यांवर रांगत फिरलो, भुरीच्या उंचीवरून काय दिसतं ते बघायला. सोफ्याखाली दोन रबरबँड, एक पिन आणि च्युइंगमचा कागद. पलंगाखाली सासूबाईंच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट.

आता पार्सल दाराबाहेर जिन्यातच उघडायचं. फुगेवालं प्लास्टिक, पट्ट्या, थर्माकोल तिथूनच सुक्या कचऱ्यात. पायाने दाबायचा डबा भुरी उघडते हे कळलं, म्हणून तो गेला, आता ओट्याखाली मृदुलाताईंसारखी कडी. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, चिरून लोंबता ठेवायचा, म्हणजे तुकडा सुटून पडत नाही. आणि डब्यावर कात्री दोरीने बांधलीय, पाकीट चिरल्याशिवाय टाकायचं नाही. भाचरांना सांगितलं तर मोठा स्वतःहून म्हणाला, मावशी, मी भुरीसाठी सगळी पाकिटं कापीन. मग दिवसभर कापत होता, भरलेलीसुद्धा.

---

सातारी_कंदी

ताई, डब्यावरची कात्री कशाने बांधलीत म्हणालात?

---

पाणवठा

अरे देवा. काढते. भिंतीवर खिळ्याला अडकवते, उंच.